हजेरी लागली, काम कुठाय?

महाराष्ट्र सरकारनं जुलै २०२४ मध्ये बेरोजगार तरुणांसाठी एक योजना काढली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना हे तिचं कागदावरचं नाव. आषाढीला पंढरपुरात तिचा गजर झाला आणि अख्खा महाराष्ट्र तिला 'लाडका भाऊ' म्हणू लागला. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. वय १८ ते ३५. मुदत सहा महिने. काम करता करता शिकायचं, शिकता शिकता कमवायचं. योजनेत खोट काढावी असं काही नव्हतंच. खोट निघाली ती योजना राबवली तेव्हा.

आमच्या पेठेतली पोरं लागली. कुणी सरकारी कचेरीत, कुणी शाळेत, कुणी ग्रामपंचायतीत. त्यातल्या एका पदवीधराला विचारलं, "काय शिकलास रे?" म्हणाला, "झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकला की डावीकडचं झाकण उघडायचं." मी म्हटलं, "आणि?" म्हणाला, "कागद नाही अडकला तर काहीच करायचं नाही." हजेरी मात्र चोख. विद्यावेतन हजेरीवर असल्यामुळं सहा महिन्यांत या पोरांनी एकच कौशल्य तळहाताच्या फोडासारखं जपलं, ते म्हणजे वेळेत सही करणं.

सहा महिने संपले. मग आणखी पाच वाढवून दिले. अकरा महिने झाले आणि पोरं रस्त्यावर उतरली: आम्हाला कायम करा. सरकार म्हणालं, बाबांनो, हे प्रशिक्षण होतं, नोकरी नव्हती. पोरं म्हणाली, मग शिकवलं काय ते तरी सांगा. दोघांचंही बरोबर आहे आणि भांडण तिथंच अडकलंय. नोकरी म्हणावी तर प्रशिक्षण निघतं, प्रशिक्षण म्हणावं तर झेरॉक्स.

आता खरं काम बघायला पुणे-बंगळूर महामार्गानं कोल्हापूरजवळच्या शिरोलीला या. किंवा उलट दिशेला गोकुळ शिरगावला, नाहीतर आणखी पुढं कागलच्या पंचतारांकित वसाहतीत. (पंचतारांकित हे सरकारी बिरुद आहे. तिथं राहायच्या खोल्या पाहिल्यात तर तारे मोजायला छतातनंच दिसतील.) इथं कोल्हापूरच्या फौंड्र्या आहेत. यांच्या ओतीव लोखंडावर देशातली ट्रॅक्टर, ट्रक, पंप चालतात, आणि माल परदेशातही जातो. या फौंड्रीत मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला), फेटलिंगला (ओतलेला जॉब घासून साफ करायला), भट्टीपुढं कोण उभं आहे पाहा. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, झारखंड. गाव सोडून आलेली, तिथं काम नव्हतं म्हणून आलेली पोरं.

या पोराला कुणी प्रशिक्षण दिलं? कागदोपत्री कुणीच नाही. ठेकेदारानं आणून उभं केलं, हातात फावडं दिलं. पहिले काही महिने वाळू ओढणं, फेटलिंगला ग्राइंडर धरणं. मग शेजारचा जुना मोल्डर, तोही गोरखपूर नाहीतर गंजामचा, त्याला वाळू मुठीत घ्यायला शिकवतो. मूठ दाबायची, उघडायची. बोटांचे ठसे वाळूवर स्वच्छ उमटले पाहिजेत. मग ती वडी मधोमध मोडायची. कडा सरळ तुटली तर पाणी आणि बेंटोनाइटची माती बरोबर. हाताला चिकटली तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. पाणी जास्त झालं की लोखंड ओतताना वाफ होते, वाफेला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये भोक राहतं, आणि ते भोक मशीन शॉपमध्ये जॉब टर्न करताना बाहेर पडतं. मग मालक मोल्डरच्या नावानं आणि मोल्डर वाळूच्या नावानं शंख करतो. प्रयोगशाळेत वाळू तपासायची यंत्रं असतात, नाही असं नाही. पण रात्रपाळीला लॅबमधला साहेब घरी असतो आणि मूठ जागेवर असते.

मग लॅडल, म्हणजे ओतायचा डाव, धरणं. १,४०० अंशांच्या आसपासचं वितळलेलं लोखंड. हात थांबला तर साचा अर्धवट भरतो, घाई झाली तर साचाच धुऊन जातो. एका लयीत ओतायचं. हे शिकायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर तो पोरगा कोल्हापुरी मराठी शिकलेला असतो, तीही कुठल्या वर्गात नाही. चहाच्या टपरीवर, "ए, उरक की लवकर" एवढ्या पायाभूत अभ्यासक्रमावर. आता तो नवीन आलेल्या पोराला मूठ दाबायला शिकवतो. त्याच्याकडं प्रमाणपत्र नाही, हजेरीचा ऑनलाइन पुरावा नाही, आणि 'लाडका भाऊ' योजनेत तो बसत नाही, कारण तो महाराष्ट्राचा रहिवासी नाही.

म्हणजे हिशेब असा झाला. ज्याच्याकडं दाखला आहे त्याला प्रशिक्षण आहे पण काम नाही. ज्याच्याकडं काम आहे त्याचं शिकणं घडतंय पण त्याला दाखला नाही. काम आणि प्रशिक्षण एकत्र करणारी योजना कोल्हापुरात अस्तित्वात आहेच. फक्त ती सरकारला माहीत नाही आणि ज्याला तिचा लाभ मिळतो त्याला तो लाभ वाटत नाही.

फौंड्रीमालकाला विचारा. असा मालक कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुम्हाला हवा तेवढा भेटेल. तो म्हणतो, "आपली पोरं भट्टीपुढं उभी राहत्यात व्हय? गावची म्हाई-जत्रा आली की सुट्टी, गणपती आला की सुट्टी, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुणची मॅच असली की आजी आजारी पडते." यातलं पहिलं, दुसरं आणि तिसरं खरं आहे. पण मालक चौथं सांगत नाही. बिहारच्या पोराला म्हाई नाही, कारण त्याचं गाव दोन दिवसांच्या रेल्वेवर आहे. तो कारखान्यालगतच्या खोलीत आठ जणांत झोपतो, म्हणून बारा तास मिळतो. ठेकेदाराच्या वहीत असल्यामुळं प्रॉव्हिडंट फंडाचं काय झालं हे विचारत नाही. आपल्या पोराला काम करायचं नसतं असं नाही. त्याला त्या अटींवर करायचं नसतं, आणि त्याला नाही म्हणायला घर आहे, शेत आहे, आईच्या हातची भाकरी आहे. मालकाला कष्टाळू माणूस आवडतो हे म्हणणं अर्धवट आहे. मालकाला अडलेला माणूस आवडतो.

याचा पडताळा २०२० साली आला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मे महिन्यात ही सगळी अडलेली माणसं रेल्वेनं, ट्रकनं, पायी निघून गेली. त्या वेळी कट्ट्याकट्ट्यावर काय आनंद! आता आपल्या पोरांना संधी! ६ जुलै २०२० रोजी राज्य सरकारनं 'महाजॉब्स' नावाचं संकेतस्थळ उघडलं. परप्रांतीय गेले, जागा रिकाम्या झाल्या, भूमिपुत्रांनी नोंदणी करावी, रहिवासी दाखला जोडावा. नोंदणीला गर्दी झाली. संकेतस्थळावर. भट्टीपुढं नाही. कारण जागा मोल्डरची रिकामी होती आणि अर्ज आला तो बी.ए.वाल्याचा. त्या दोघांच्या मधे जी दोन-तीन वर्षांची मूठ आहे ती देणार कोण, हा रकाना संकेतस्थळावर नव्हता. काही महिन्यांत मालकांनी ठेकेदारांना फोन लावले, गाड्या पाठवल्या, माणसं परत आली. कट्टा पुन्हा 'लोंढे आले' म्हणायला मोकळा झाला. ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्यायचं राज्याचं धोरण त्याही वेळी लागू होतं आणि आजही आहे. फौंड्रीच्या वाळूत ते मुठीत धरून पाहिलं तर भुगा होतो.

कोल्हापूरला बाहेरून आलेल्या माणसाचं काय करायचं ते कळत नाही असं कुणी म्हणू नये. या गावाएवढा अनुभव देशात थोड्या गावांना असेल. फक्त तो अनुभव आपण बस्ता बांधायला जाताना पायाखाली तुडवतो.

शहरापासून हाकेच्या अंतरावर, मिरज रेल्वेमार्गालगत वळिवडे. १९४३ साली इथं पोलंडची माणसं येऊन उतरली. रशियानं १९४० साली घरातून उचलून सैबेरियात टाकलेली, तिथून सुटून इराणमार्गे, कराचीमार्गे हिंदुस्थानात आलेली. सुमारे पाच हजार, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, कारण धडधाकट पुरुष सैन्यात गेले होते. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीत पोलिश मुलांना आसरा दिला ती गोष्ट बरीच गाजली, गाजायलाच हवी. पण देशातली मोठी छावणी होती ती आपल्या पंचगंगेकाठी. बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकं, स्काउटची पथकं. खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारच्या खात्यातून. शाळा इतक्या व्यवस्थित की ती पोरं पुढं ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात जाऊन पायावर उभी राहिली आणि म्हातारपणी वळिवडे बघायला परत येत राहिली. त्यांना शिक्षण मिळालं, पण इथं काम लागलं नाही, कारण ती माणसं परत जायच्या वाटेवर होती. छावणी म्हणजे एक मोठी प्रतीक्षालयाची खोली. १९४७-४८ पर्यंत ती रिकामी झाली.

आणि त्याच बराकींत दुसरी माणसं आली. फाळणीनं घरदार गेलेले सिंधी. यांना परत जायला गाव नव्हतं. वळिवडे कॅम्पाचं गांधीनगर झालं आणि पुढची गोष्ट तुमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाच्या बस्त्याला माहीत आहे. पश्चिम महाराष्ट्र, कोकण, गोवा, उत्तर कर्नाटक, सगळीकडचे किरकोळ दुकानदार ठोक कापड भरायला गांधीनगरला येतात.

हे काय प्रशिक्षणानं झालं? सिंध्यांना कुणी 'वस्त्रोद्योग विक्री सहायक, स्तर चार' असला अभ्यासक्रम दिला नव्हता. देशभर सिंधी निर्वासितांनी सुरुवात कशी केली ते सगळ्यांना ठाऊक आहे. खांद्यावर ठाण, गाडीत फिरून विक्री, रुपयामागं पैशाचा नफा, पण दिवसाला शंभर गिऱ्हाइकं. बापाच्या शेजारी गादीवर बसलेलं पोर गज धरायला शिकता शिकता उधारी कुणाला द्यायची नाही तेही शिकलं. सरकारनं दिलं ते एवढंच: डोक्यावर बराकीचं छप्पर, रेल्वेची वाट, आणि 'तुम्ही स्थानिक आहात काय' हा प्रश्न न विचारण्याची कृपा. तेव्हा कट्ट्यावर कुरकुर झाली नसेल असं मला मुळीच वाटत नाही. कोल्हापूरचा कट्टा कुरकुरीशिवाय राहिला असेल तर तो कट्टाच नव्हे. पण आज त्या दुकानांत ठाण उलगडून दाखवणारी, गठ्ठे बांधणारी, टेम्पो भरणारी पोरं उचगाव, वळिवडे, मुडशिंगीची आहेत. आलेल्यांनी भूमिपुत्रांना नोकऱ्या लावल्या. हे वाक्य कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात बसेल ते शोधून काढणाऱ्याला माझ्याकडून एक मिसळ.

त्याच काळात उत्तरेत हे काम ठरवूनही झालं होतं. कुरुक्षेत्राच्या अफाट छावणीत फुकट रेशनवर बसलेली माणसं पाहून सुरेंद्रकुमार डे नावाच्या इंजिनियरनं डोकं चालवलं. त्यानं 'मजदूर मंझिल' म्हणून योजना मांडली आणि १९४८ पासून कर्नाल जिल्ह्यात दलदलीच्या जागेवर नीलोखेडी उभी राहिली. निर्वासितांनी स्वतःच गाव बांधायचं आणि बांधता बांधता गवंडी, सुतार, लोहार व्हायचं. मग त्याच गावात कारखाना, छापखाना, कुक्कुटपालन, सहकारी दुकानं चालवायची. शिकाऊ माणूस ज्या घराची भिंत रचत होता त्या घरात पुढं तोच राहणार होता, म्हणून ओळंबा चुकवून चालत नव्हतं. फरिदाबादेतही निर्वासितांनीच शहर उभारलं, त्यामागं कमलादेवी चट्टोपाध्यायांची सहकारी मंडळी होती. डे पुढं केंद्रात मंत्री झाले. त्यांचं नाव आज कौशल्य विकास खात्याच्या किती अधिकाऱ्यांना ठाऊक आहे ते विचारू नका, त्यांना त्यांच्याच खात्याची संकेतस्थळं पाठ करायची असतात.

पण डे यांच्यापर्यंत तरी कशाला जायचं? घरात राजर्षी शाहू आहेत. भाषणाच्या पहिल्या वाक्यात 'शाहूंच्या भूमीत' म्हणणारे पुढारी दुसऱ्या वाक्यात काय करतात ते आपण पाहतोच. महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या पेठेसाठी, आणि त्या पेठेत बाहेरच्या व्यापाऱ्यांना सवलती देऊन बसवलं. गाणं शिकवायला अल्लादियाखाँसाहेब राजपुतान्यातून आले, कुस्तीला पंजाबचे मल्ल आले. (अल्लादियाखाँकडं रहिवासी दाखला मागितला असता तर महाराष्ट्रातलं अर्धं शास्त्रीय संगीत 'कागदपत्रं अपुरी' म्हणून परत गेलं असतं.) फासेपारधी म्हणजे ज्यांना गाव चोर म्हणून हाकलायचं ती भटकी माणसं. महाराजांनी त्यांना राखणदारीची कामं दिली. ज्याच्यावर चोरीचा संशय त्याच्याच हातात पहारा! आणि पहारेकऱ्यांची पात्रता परीक्षा घेतली नाही, कारण कुठल्या वाटेनं चोर येतो हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार होतं?

१९१८ साली महाराजांनी आणखी एक गोष्ट केली. महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज गावकामगारापुढं हजर राहून हजेरी द्यावी लागायची, ती बंद केली. माणूस हजेरीत अडकला की कामाला जाणार कधी, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आपण प्रगती केली. आपण हजेरी बोटाच्या ठशावर आणि मोबाइलवर आणली.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट तर शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. पण तिच्यातला रोजगाराचा भाग कुणी सांगत नाही. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला महाराजांनी भांडवल देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. एवढ्यावर आजची योजना संपली असती: लाभार्थी, निधी, फोटो. महाराज तिथं जाऊन स्वतः चहा प्यायला लागले आणि सोबतच्या सरदार-दरकदारांनाही पाजू लागले. म्हणजे धंदा दिला तसं गिऱ्हाईकही आणून दिलं. आज कौशल्य केंद्रात शिवणकाम शिकलेल्या बाईकडनं एक तरी अधिकारी सदरा शिवून घेतो काय?

आता कुणी म्हणेल, तुम्हाला परप्रांतीयांचा फार पुळका. तर आपल्याच प्रांतातली माणसं घ्या. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीला माणसं ट्रॅक्टर भरून येतात. एक नवरा, एक बायको, मिळून एक कोयता. साखर कारखान्याच्या पट्टीत उसाच्या फडाशेजारी पालं पडतात, पोरं पालात. मराठी बोलणारी, महाराष्ट्राच्या रहिवासी दाखल्याची, विठोबाला जाणारी माणसं. यांना आपण काय शिकवतो? काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या हीच माणसं, हाच कोयता. निघायच्या आधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत तोडायचं, हंगाम संपताना हिशेब होतो तेव्हा थोडी राहतेच, ती पुढच्या वर्षाच्या उचलीत. सरकारनं काम आणि प्रशिक्षण एकत्र करायचा घाट घातला, मुकादमानं काम आणि कर्ज केव्हाच एकत्र करून दाखवलं. आणि मुकादमाची योजना अकरा महिन्यांनी बंद पडत नाही. आता तर ऊस तोडायची यंत्रं येतायत. त्या यंत्रावर बसायला, ते दुरुस्त करायला याच कोयत्यांच्या पोरांना शिकवावं असं कुण्या कारखान्याच्या अध्यक्षांच्या मनात आलं तर ते वार्षिक सभेत तरी बोलून दाखवावं. वार्षिक सभेत एरवीही गोंधळच होतो, तेवढाच उपयोगी गोंधळ.

इकडं आपली स्वतःची गाडी जर्मनीला निघालीय. २०२४ साली महाराष्ट्रानं बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला. म्हातारे वाढले, हात कमी पडले म्हणून त्यांना माणसं हवीत. इथून दहा हजार कुशल तरुण पाठवायचे ठरलं: नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर. सरकारी खर्चानं जर्मन शिकवायचंही ठरलं. करारावर सह्या झटपट झाल्या, विमानं त्या मानानं सावकाश निघाली. तरी पोरं 'देअर, डी, दास' पाठ करत होती. चांगलं आहे. जावं. पण गंमत पाहा. आपलं पोरगं श्टुटगार्टला निघालं की पेढे, चौकात डिजिटल फलक, 'परदेशी भरारी'. मोतिहारीचं पोरगं शिरोलीला आलं की 'लोंढा'. दोघंही बेकारीपायी निघालेत, दोघांनाही परकी भाषा शिकायची आहे. फरक तिकिटाच्या किमतीचा.

आणि जर्मनीत काय आहे म्हणून तिकडं जायचं? त्यांची उमेदवारीची पद्धत. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात, एक-दोन दिवस शाळेत, पहिल्या दिवसापासून पगार, दोन ते साडेतीन वर्षं. शिकवणारा कारखान्यातला कारागीर, त्यालाही शिकवण्याची परीक्षा द्यावी लागते. २०१५ नंतर लाखो निर्वासित तिथं आले तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना याच रांगेत उभं केलं. डेन्मार्कनं २०१६ मध्ये निर्वासितांसाठी असाच दोन वर्षांचा करार काढला: उमेदवाराच्या पगारावर नोकरी, आणि त्यातले वीस आठवडे भाषा आणि शिक्षणासाठी राखीव. तिथंही कटकटी आहेत, आकस आहे, निवडणुका आल्या की तिकडचे पुढारीही आपल्याच पुढाऱ्यांसारखे बोलतात. पण एक गोष्ट त्यांनी धरून ठेवलीय. शिकाऊ माणूस खऱ्या मशीनवर उभा राहतो आणि त्यानं बिघडवलेला जॉब खरोखर भंगारात जातो. झेरॉक्सचं झाकण उघडून कुणी कारागीर झालेला नाही.

आपल्याकडं हे सगळं नवीन आहे असंही नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. कळंब्याला सरकारी आयटीआय आहे, शिरोलीला फौंड्र्या आहेत, दोघांमध्ये रिक्षाचं अंतर. उद्यमनगर तर उमेदवारीवरच उभं राहिलं. म्हादबा मेस्त्रींसारख्यांची नावं तिथं आजही टोपी काढून घेतात, आणि त्यांच्या हाताखाली घडलेल्या पोरांनी पुढं स्वतःचे लेथ टाकले. तेव्हा मेस्त्री शिव्या द्यायचा, पान्हा फेकून मारायचा, पण सहा महिन्यांनी 'तुझं प्रशिक्षण संपलं, आता घरी बस' असं म्हणत नव्हता. पूर्वीपासून येत असलेलं काम ओळखून प्रमाणपत्र द्यायची केंद्राची योजनाही २०१५ पासून आहे. दहा वर्षं लोखंड ओतणाऱ्याला ती सांगते, तुला लोखंड ओतता येतं. तो म्हणतो, बरं झालं कळलं, आता ठेकेदाराला सांगा. ठेकेदाराला सांगायची तरतूद योजनेत नाही.

परवा कट्ट्यावर वाद निघाला. एकजण म्हणाला, "आधी आपली पोरं, मग बाहेरची." ठीक. मग आपल्या पोरालाच त्या गोरखपूरच्या मोल्डरच्या हाताखाली दोन वर्षं लावा. मोल्डरला शिकवायचा पगार द्या, कळंब्याच्या मास्तरानं येऊन दोघांना नकाशा वाचायला शिकवावा, दोघांना प्रमाणपत्र, दोघांना आठ तास, दोघांचा फंड. असं म्हटल्यावर कट्ट्यावर शांतता. मग तोच म्हणाला, "ते बिहाऱ्याच्या हाताखाली?" आणि तिथून चर्चा मटणाच्या भावावर गेली.

जाता जाता एक हिशेब मांडून पाहिला. समजा १९४८ साली वळिवड्याच्या बराकीत पंचविशीतला एक सिंधी तरुण उतरला. खिसा रिकामा, शिक्षण जेमतेम, भाषा परकी. त्यानं आजच्या योजनेत अर्ज केला. महाराष्ट्राचा रहिवासी दाखला लागतो, त्याला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. म्हणजे दाखला मिळाला १९६३ साली. तोवर त्याला चाळिसावं लागलं, आणि योजनेची वयोमर्यादा ३५. अर्ज बाद, शेरा 'वय जास्त'. त्याच्या दुकानात एव्हाना वळिवड्याची चार पोरं कामाला लागली आहेत, हे लिहायला अर्जात रकाना नाही.